सतरा नंबरची पावडर

६ जानेवारी

पावडर क्रमांक सतरा आज तपासायला आली. आधीच्या सोळा नापास झाल्या. अहवालात मी 'नापास' लिहीत नाही, 'अपेक्षित सक्रियता बहुधा आढळली नाही' असं लिहितो. पण इथे कोणापासून लपवायचं?

काम तसं सरळ आहे. काचेच्या रिॲक्टरमध्ये चिमूटभर पावडर आणि थोडं पाणी घालायचं, वर कार्बन डायऑक्साइड भरायचा, झाकण आवळायचं आणि बाहेरून सूर्यासारखा प्रखर दिवा लावायचा. प्रकाशाच्या जोरावर पावडरीने त्या वायूचा मिथेन करायचा, म्हणजे इंधन. किती झाला ते यंत्र सांगतं. ज्या वायूने जग तापतंय त्यालाच पुन्हा चुलीत घालायचं, असा एकूण बेत. पावडरी इतर लोक बनवतात, मी फक्त तपासतो. या विभागाचा मी सहा वर्षं प्रभारी प्रमुख आहे. आता सगळे मला 'प्रभारी' अशीच हाक मारतात. परवा तर बायकोनेही मारली.

दुपारी संचालक डोकावले. "प्रभारी, एखादी तरी पास होऊ द्या हो. वर विचारतात, तुमच्याकडे चाललंय काय? एक पास झाली की गच्चीवर मोठा रिॲक्टर उभा करू, बाकीच्या पावडरींचं काम गुंडाळू, आणि तुमच्या नावापुढचं 'प्रभारी' काढून टाकू."

मी म्हटलं, "पावडरीने काम केलं तर पास होईलच."

"तेच तर म्हणतोय," ते म्हणाले. मला ते तेच वाटलं नाही. (की मी उगाच खुसपट काढतोय?)

सोळाव्या पावडरीच्या वेळी काचेवर जुन्या पावडरीचा पुसट थर दिसला होता. माझाच हलगर्जीपणा. इतकी वर्षं नुसत्या पाण्याने धुऊन भट्टीत वाळवत होतो. आजपासून रिॲक्टर, झडपा, झाकणाच्या रबरी रिंगा, सगळं स्पिरिटने धुवायचं. शिवाय भट्टीचा वेळ वाचतो.

८ जानेवारी

मिथेन आला!

हे उद्गारचिन्ह खोडावं की नाही यावर बराच विचार केला. राहू दे.

पावडर जिने बनवली ती माझ्या बरोबरीची. एकाच आठवड्यात आम्ही इथे रुजू झालो. तिला सगळे पावडरबाई म्हणतात आणि ती पावडरीला सोनुली म्हणते. धावत आली, यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखातला मिथेनचा उंचवटा बघितला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "प्रभारी, तू हसतोयस! कोणीतरी फोटो काढा रे!"

मी म्हटलं, "अजून काही सांगता येत नाही. अंधारात करून बघायला हवं, पावडरीशिवाय करून बघायला हवं."

"बघ की. माझी सोनुली कशालाही घाबरत नाही."

१३ जानेवारी

अंधारात शून्य. पावडरीशिवाय, नुसत्या दिव्याखाली शून्य. म्हणजे प्रकाशही हवा आणि पावडरही हवी. हे उत्तम आहे. कार्बन डायऑक्साइडच्या जागी नायट्रोजन भरून करायची चाचणी तेवढी राहिली. नायट्रोजनचा सिलिंडर शेजारच्या विभागात आहे आणि शेजारचा विभाग आमच्याशी बोलत नाही.

दरम्यान मला आकडे वरखाली होताना दिसले. दोष धुण्यात असणार. म्हणून परवापासून एकदाऐवजी तीनदा स्पिरिटने धुतोय, रबरी रिंगा तर भिजतच घालतो. आकडा दुपटीहून वर गेला! निगा राखली की पावडरही मन लावून काम करते. हे शास्त्रीय विधान नाही, पण आनंद होतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तीनदा? घरात चहाचा कप कधी विसळला नाहीस तू."

सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. मी शेजारी जाऊन बसलो तर उठून आत गेल्या. त्यांचे गुडघे दुखत असावेत.

२० जानेवारी

संस्थेच्या दारावर फलक लागला: 'आता धुरावर पेटणार चूल'. प्रसिद्धी अधिकाऱ्याचं काम. मी त्याला म्हटलं, धूर आणि कार्बन डायऑक्साइड एक नव्हे, आणि मी अजून काही प्रमाणित केलेलं नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही 'आशादायक, बहुधा' असं लिहून दिलंय. मी फक्त 'बहुधा' काढलं. जागा नव्हती."

२७ जानेवारी

शेजारच्यांनी अखेर नायट्रोजन दिला. रिॲक्टर तीनदा धुतला, त्यात कार्बन डायऑक्साइडचा कणही राहू नये म्हणून चौथ्यांदा धुतला, नायट्रोजन भरला, दिवा लावला. शून्य यायला हवं होतं. मिथेन आला. नेहमीपेक्षा थोडा जास्तच.

कार्बन नसताना मिथेन कुठून आला? नायट्रोजनचा सिलिंडर अस्वच्छ असणार. शेजारच्यांबद्दल असा संशय घेणं बरं नाही, पण घेतला. संचालकांना जाऊन सांगितलं, की मिथेनमधला कार्बन कदाचित दुसरीकडून येत असेल.

"कदाचित म्हणालात ना?" ते म्हणाले. "मग झालं तर! खात्री असती तर तुमच्यासारखा माणूस तसं म्हणाला असता."

मी जड कार्बनची चाचणी सुचवली. बाजारात असा कार्बन डायऑक्साइड मिळतो ज्यातला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड असतो. तो भरायचा, मिथेनही जड निघाला तर तो त्या वायूचाच, हलका निघाला तर नाही. तिथे वादाला जागाच उरत नाही. संचालक म्हणाले, "वा! अशीच माणसं हवीत. आजच मागवतो." त्यांच्याविषयी माझ्या मनात अधूनमधून जे येतं त्याची लाज वाटली.

५ फेब्रुवारी

भयंकर दिवस. सोनुली मेली.

परवा स्पिरिट संपलं. खरेदी विभागाने सांगितलं, आमच्या एका विभागाला एवढं लागतं कसं याची चौकशी केल्याशिवाय देणार नाही. नाइलाजाने जुन्या पद्धतीने पाण्याने धुतलं, नव्या रिंगा लावल्या, भट्टीत वाळवलं. मिथेन शून्य. काल शून्य. आज शून्य.

पावडरबाई समोर उभी राहिली. "काय केलंस तू तिला?"

"काही नाही. पाण्याने धुतलं फक्त."

"तुला सांगितलं होतं, नाजूक आहे ती. इतका काटेकोर म्हणवतोस, आणि तीन दिवसांत मारलीस!"

निगा कमी पडली हे खरंच आहे.

१० फेब्रुवारी

चौकशी झाली, स्पिरिट मिळालं. सगळं नीट धुऊन, रिंगा भिजवून पुन्हा सुरू केलं. सोनुली जिवंत आहे! आकडा पूर्वीचाच. पावडरबाईने माफी मागितली नाही, पण स्वतःच्या डब्यातलं दिलं.

माझा अंदाज: पावडर थकते, तिला विश्रांती लागते. तसं टिपण संचालकांना दिलं, 'कदाचित'सह. संध्याकाळपर्यंत फलकाखाली नवी ओळ आली होती: 'थकते, विसावते, पुन्हा उठते — जिवंत पावडर'.

१७ फेब्रुवारी

जड कार्बनचं विचारलं. "वाटेत आहे," संचालक म्हणाले. लांबून येत असेल. पुढच्या महिन्यात समारंभ ठरलाय: मोठे पाहुणे येऊन रिॲक्टरच्या वायूवर ज्योत पेटवणार. मी रात्री बराच वेळ कुशी बदलत होतो असं बायको म्हणते. तिला म्हटलं, नायट्रोजनचं कोडं सुटत नाही. तिने विचारलं, "तुमच्या त्या पावडरीला खरंच काही येतं का रे?" असा प्रश्न बाहेरचा माणूसच विचारू शकतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी बोलणार नव्हते. पण रोज संध्याकाळी वास येतो."

"कसला?"

बायको म्हणाली, "आई, राहू दे."

"का राहू दे? आल्यापासून बघतेय. पुरुषमाणसाला कामाचा ताप असतो, कळतं मला. तुझे बाबाही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण निदान ऑफिसात तरी घेऊ नये!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या माझ्यापासून लांब का बसतात. मी म्हटलं, "अहो आई, स्पिरिट आहे ते. रिॲक्टर धुतो त्याने."

"मग हात धुवत नाही का?"

"धुतो ना, साबणाने. पण हातमोजे रबराचे असतात. रबर स्पिरिट पितं आणि मग दिवसभर हळूहळू सोडत राहतं. मी नाही पीत, रबर..."

आणि मी थांबलो. घास हातात तसाच.

सासूबाई लेकीला म्हणाल्या, "बघ. वाक्यसुद्धा पुरं करता येत नाही."

२३ फेब्रुवारी

रबर पितं.

२६ फेब्रुवारी

आता सविस्तर. पाण्याने धुऊन, नव्या कोरड्या रिंगा: शून्य. तीच पावडर, स्पिरिटमध्ये भिजवलेली रिंग: मिथेन. कोरडी रिंग आणि मुद्दाम टाकलेला स्पिरिटचा एक थेंब: एवढा मिथेन की यंत्राचा उंचवटा पडद्याबाहेर गेला. पावडर कार्बन डायऑक्साइडला हातही लावत नाही. ती दिव्याखाली बसून माझं स्पिरिट मोडून खाते, त्यातल्याच कार्बनचा मिथेन करते. आणि मी रोज तिला ते जास्त जास्त वाढत होतो.

आधी पावडरबाईला बोलावलं. तिने सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा केलं. मला धुऊ दिलं नाही. पाण्यावर शून्य आल्यावर ती स्टुलावर बसली.

"म्हणजे इतके दिवस सोनुली काय करत होती?"

"स्पिरिटचा मिथेन."

"स्पिरिट जळतं ना?"

"छान जळतं."

"म्हणजे इंधनापासून इंधन केलं आपण."

"थोडं कमीच," मी म्हटलं. मला अचूक सांगायचं होतं, पण ती उठून गेली.

२७ फेब्रुवारी

संचालकांना आकडे दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले, मग बोटांवर मोजत म्हणाले, "प्रभारी, तुम्ही आधी म्हणालात नायट्रोजन खराब आहे. मग म्हणालात पावडर मेली. मग म्हणालात दमली होती. आता म्हणता रबर पितं. यातलं कुठलं मी खरं धरू?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

"आणि मुळात ही वाईट बातमी कुठे आहे?" ते पुढे म्हणाले. "स्पिरिटने धुतलं की चालते, नाही धुतलं की चालत नाही. म्हणजे धुणं हा प्रक्रियेचाच भाग झाला! त्याला आपण 'सक्रियण' म्हणू. शोध तुमचा. तुमच्या नावाने जाऊ दे."

मला पटलं. म्हणजे घरी येईपर्यंत पटत होतं. घरी बायको म्हणाली, "म्हणजे भांड्यात दूध ओतायचं, पाणी पांढरं झालं की टाळ्या वाजवायच्या, आणि दूध ओतण्याला सक्रियण म्हणायचं."

तिला हे इतकं पटकन कसं दिसतं? पण तिने यंत्र पाहिलेलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

६ मार्च

गेला आठवडा मी स्वतःलाच तपासतोय. माझी शंका खरी आहे, की मला यश सोसत नाही म्हणून मी ती काढतोय? सहा वर्षं लोकांना नापास करून माझी जीभच तशी वळली असेल का? नकार देणं ही माझी चैन झाली असेल का? काल या प्रश्नावर दोन पानं लिहिली आणि मग दिसलं, की दोन पानांत मिथेन कुठेच नाही. ती इथे उतरवत नाही.

संचालकांकडून निरोप आला: समारंभानंतर अंतिम मूल्यमापन अहवाल हवा. त्यावर माझी सही झाली की गच्चीवरचं बांधकाम सुरू आणि बाकीच्या पावडरींची कामं बंद. पाच जणांची पाच कामं. एखादीत खरंच दम असू शकतो, कोणाला माहीत?

१४ मार्च

समारंभ झाला.

मी सकाळी मुद्दाम लवकर जाऊन रिॲक्टर पाण्याने धुतला, नव्या रिंगा लावल्या. म्हटलं, आज जे खरं आहे तेच पाहुण्यांना दिसेल. ज्योत पेटणार नाही. आयुष्यात केलेली ही पहिली बंडखोरी.

मग लक्षात आलं की रिॲक्टरपासून ज्योतीपर्यंत नळी जातच नव्हती. प्रसिद्धी अधिकाऱ्याला विचारलं. "सर, ज्योत प्रतीकात्मक आहे. पडद्यामागे कँटीनचा सिलिंडर लावलाय. तुमच्या रिॲक्टरच्या वायूवर मुंगीचा पायसुद्धा भाजणार नाही, हे आम्हालाही कळतं हो!"

पाहुण्यांनी काडी ओढली, भला मोठा जाळ झाला, त्यांची भुवई थोडक्यात वाचली. मग संचालकांनी माझ्यासमोर माइक धरला. मी बोलायचं ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, "ही पावडर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करते असं आज निःशंकपणे म्हणता येईल..." आणि 'का, याबद्दल मला गंभीर शंका आहे' म्हणण्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. थांबेपर्यंत माइक पुढे गेला होता.

परतताना पावडरबाई म्हणाली, "प्रभारी, तुझी वाक्यं फार लांब असतात."

१६ मार्च

पावडरबाई सकाळी एक छोटा सिलिंडर कडेवर घेऊन आली. जड कार्बन! मी विचारलं, कधी आला? "फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात," ती म्हणाली. संचालकांच्या खोलीतल्या कपाटात होता, 'समारंभ होईपर्यंत देऊ नये' अशी चिठ्ठी लावून.

समारंभाच्या धावपळीत महागड्या सिलिंडरला धक्का लागू नये, अशी त्यांना काळजी असावी. मी असं म्हटल्यावर पावडरबाई माझ्याकडे बघतच राहिली.

"तू आणलास कसा?" मी विचारलं.

"कपाट उघडून. पावडर माझी आहे. ती काय करते ते मला कळायला नको?"

दोघांनी मिळून चाचणी लावली. एकदा स्पिरिटने धुऊन, एकदा पाण्याने.

१८ मार्च

स्पिरिटने धुतल्यावर आलेला सगळा मिथेन हलका. जड कार्बनचा मागमूस नाही. पाण्याने धुतल्यावर मिथेनच नाही.

आता शंका घ्यायला काही उरलं आहे का, हे दिवसभर शोधलं. सिलिंडर तपासला, यंत्र तपासलं, मला स्वतःला तपासलं. काही सापडलं नाही. अशी मोकळी जागा समोर दिसली की मला अस्वस्थ व्हायला होतं.

बायकोला म्हटलं, उद्या अहवाल देतो. 'प्रभारी' जाईल बहुतेक, आणि त्याच्यामागचं 'प्रमुख'ही. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग तुला हाक काय मारायची ते बघू आम्ही."

१९ मार्च

अहवाल एका वाक्याचा झाला. 'पावडर क्रमांक सतरा कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवत नाही.' खाली आकडे, खाली माझी सही. पावडरबाईने न विचारता शेजारी तिचीही केली.

संचालकांनी वाचला, उलटून पाहिला, मागे आणखी काही असेल म्हणून.

"यात काहीतरी राहिलंय," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचं ते नेहमीचं. 'बहुधा'. 'कदाचित'. 'आज तरी'." त्यांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं. "कुठेही एक घाला. कुठे घालायचं ते तुम्हीच ठरवा. तुमच्या कायम नेमणुकीचा कागद इथे टाइप होऊन पडलाय. अहो, तुम्ही तर हवामानसुद्धा 'कदाचित'शिवाय सांगत नाही!"

मी वाक्य पुन्हा वाचलं. खरंच शोधलं, कारण तो शब्द मला आवडतो. बसेल अशी जागा नव्हती.

"नाही बसत," मी म्हटलं.

संचालकांनी पेन उचलून पुन्हा खिशाला लावलं. मग म्हणाले, "तुमच्यावर किती भरवसा होता माझा."

याचं मात्र मला वाईट वाटलं. अजून वाटतंय.

३० मार्च

गच्चीवरचं बांधकाम 'तूर्त' थांबलं. बाकीची पाच कामं चालू राहिली. फलक उतरवला, भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय. मला विभागातून काढून काचसामानाच्या देखभालीवर नेमलंय. संचालक म्हणाले, तुमच्या स्वच्छतेच्या आवडीचा विचार करून हे ठरवलं. त्यांनी लक्षात ठेवलं, याचं मला आश्चर्य वाटलं. बायको हे ऐकून एवढी का हसली ते कळलं नाही. सासूबाई आता शेजारी बसतात, पण आधी एकदा हुंगून घेतात.

दुपारी पावडरबाई आली. तिच्या तळहातावर काचेची कुपी होती, आत करडी पावडर.

"अठरावी," ती म्हणाली. "नाव अजून ठेवलेलं नाही. नापास झाली तर त्रास कमी. तपासशील?"

"मी आता तिथे नाही. नव्या माणसाकडे दे."

"नव्या माणसाने कालच 'अभिनंदन' म्हटलं. कुपी उघडायच्या आधी. तू तपास."

मी कुपी उजेडात धरली. तळाशी काही चिकटलेलं दिसत नव्हतं.

"कुपी कशाने धुतलीस?"

"पाण्याने."

"कुठल्या?"